जुन्या गोव्यात चांदी शेवटी बघा

जळगावातून गोव्याला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, ओल्ड गोव्याचं चर्च पाहिलं का? उत्तर ठरलेलं असतं. "हो ना भाऊ, ती बॉडी पाहिली." त्यापुढं काही नाही. खरं म्हणजे बॉडीही कुणी धड पाहिलेली नसते, कारण संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ठेवलेली चांदीची पेटी डोक्याच्या कितीतरी वर आहे.

मी कुणाला हसत नाही. पहिल्या खेपेला मीही तसाच आलो. 1996 चा मे महिना, ट्रॅव्हल्सची बस, सकाळी मंगेशी, मग शांतादुर्गा, आणि भर दुपारी ओल्ड गोवा. "वीस मिनिटांत परत या," असं बसवाल्यानं बजावलं. चांदीच्या पत्र्यावर उठाव काढण्यात माझं आयुष्य गेलंय. देवाचे टाक, मुखवटे, मखराचे पत्रे, हाच माझा धंदा. आणि गोव्याच्या चांदीकारागिरांनी 1636-37 मध्ये घडवलेल्या पेटीखालून मी मान वर न करता बाहेर पडलो, कारण मागचा माणूस ढकलत होता आणि धाकट्याला आईस्क्रीम हवं होतं. घरी आल्यावर एका कॅलेंडरावर त्या पेटीचा फोटो पाहिला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्यानंतर दोनदा गेलो. एकदा 2014 च्या डिसेंबरात आणि एकदा भर ऑगस्टात, फक्त आम्ही दोघं आणि नात. तिसऱ्या खेपेला काय ते कळलं. आपल्याकडचे लोक सुट्टी लागली की निघतातच, म्हणून हे सांगतोय.

कधी आणि कसं

चर्चचं नाव बॉम जेझूस, आपण बॉम जीझस म्हणतो. अर्थ ‘भला येशू’, म्हणजे बाळ येशू. आत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. गोव्याचे लोक त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. त्यांचा सण 3 डिसेंबरला, आणि आधीची नऊ दिवसांची प्रार्थना 24 नोव्हेंबरला सुरू होते. श्रद्धेनं जायचं असेल तर त्या दिवसांसारखे दिवस नाहीत. काम बघायचं असेल तर त्या दिवसांत जाऊ नका. दर दहा वर्षांनी अवशेष दर्शनासाठी खाली उतरवून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. मागचा सोहळा 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असा झाला. मी 2014 च्या सोहळ्यात गेलो होतो. तीन तास रांगेत उभा राहिलो, अवशेष जवळून दिसले, आणि इमारत मात्र पुन्हा राहिलीच.

पावसाळा उत्तम. जांभा दगड भिजला की विटेसारखा गडद होतो, गर्दी नसते, बाकावर बसायला जागा मिळते.

आपल्याकडून सोयीची गाडी म्हणजे दिल्लीहून येणारी गोवा एक्सप्रेस. भुसावळला मिळते, धुळे-मालेगावकडच्यांनी मनमाडला धरावी. कॅसलरॉक ते कुळे हा घाट उजेडात मिळाला तर खिडकी सोडू नका. मडगावला उतरायचं, कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसनं पणजी, आणि पणजीच्या स्टँडवरून ओल्ड गोवा दहा किलोमीटर. बसेस सारख्या असतात. जळगावहून गोव्याला विमानही सुरू झालंय, पण ते मी वापरलेलं नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत घ्या. शाकाहारी खाणं मिळतं, पण भूक लागली की शोधत बसायचा जीव नसतो.

पर्यटकांसाठी चर्च साधारण सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा उघडं असतं. रविवारी सकाळी प्रार्थना, त्यामुळे साडेदहाच्या आधी जाऊन उपयोग नाही. तिकीट नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. फाटकाशी अडवलेली आणि मग ओढणी गुंडाळून आत गेलेली पोरं मी पाहिलीत. चपला काढायच्या का, हे आपला प्रत्येक माणूस विचारतो. नाही काढायच्या. आमच्या हिनं तरी काढल्याच, कुणी काही म्हणालं नाही. पुरुषांनी टोपी मात्र काढायची. आपल्याकडे देवळात डोकं झाकतात आणि पाय उघडे ठेवतात, इथं बरोबर उलटं. नातीला याची फार गंमत वाटली.

एक वस्तू आवर्जून न्या. छोटी दुर्बीण. मुलांची, जत्रेतली असली तरी चालेल. बघण्यासारखं निम्मं काम पंधरा-वीस फुटांवर आहे आणि आपली मान तिथवर लांबत नाही.

आत जायच्या आधी दहा मिनिटं

बस किंवा रिक्षातून उतरलात की लगेच दाराकडे धावू नका. समोरच्या हिरवळीच्या कडेला उभे राहा. जुन्या गोव्यातली बाकीची मोठी चर्चं पांढरी गिलावा केलेली आहेत, हे एकटं लाल. मूळचं हेही असं नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्याला पोर्तुगीज अमलातच त्याचा गिलावा काढून टाकला, जुनं दिसावं म्हणून. जांभा मऊ दगड, पाऊस पितो. गिलावा परत चढवा, असं म्हणणारे लोक आता आहेत आणि मला ते पटतं. चांदीवरचा मुलामा खरवडून "बघा कसं अस्सल दिसतं" म्हणण्यातला हा प्रकार. पण लोकांच्या डोळ्यांत लाल रंगच बसलाय, आता कोण ऐकणार.

दर्शनी भिंतीत लाल जांभ्यावर काळ्या दगडाच्या नक्षीच्या पट्ट्या आहेत. तो दगड वसईहून आणलेला. हात लावून बघा, ओळखीचा वाटेल. अजिंठ्याची लेणी ज्या कुळातल्या दगडात कोरलीत, त्याच कुळातला हा दगड. फर्दापूरच्या वाटेनं शंभरदा अजिंठ्याला गेलेल्या माणसाला गोव्यात आपल्या घरचं कुणी भेटावं तसं झालं.

आता नजर सर्वांत वर. तिथं तीन अक्षरं दिसतील: आय, एच, एस. येशूच्या ग्रीक नावाची ही पहिली तीन अक्षरं, आणि जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या पंथाची खूण. ही अक्षरं लक्षात ठेवा, आत परत भेटायची आहेत.

चर्चचं काम 24 नोव्हेंबर 1594 ला सुरू झालं आणि 15 मे 1605 ला ते प्रार्थनेसाठी खुलं केलं गेलं. दाराचं तोंड पश्चिमेला, वेदी पूर्वेला. त्यामुळे दर्शनी भिंतीवर ऊन दुपारनंतर येतं. बाहेरचा फोटो हवा असेल तर तो परतताना काढा.

वेडावाकडा मोती

या बांधकामाला बरोक म्हणतात. हा शब्द मला एका गाइडनं सांगितला तेव्हा मी कान टवकारले, कारण तो थेट आमच्या बाजारातला निघाला. पोर्तुगीज भाषेत ‘बारोको’ म्हणजे वेडावाकडा मोती. सराफात गोल दाण्याला भाव. बेढब मोती दाखवला की गिऱ्हाईक नाक मुरडतं. पण हाताचा कारागीर असेल तर तो त्याच बेढब मोत्याला सोन्यात बसवून त्याचा मासा करतो, हंस करतो. इमारतींना आणि चित्रांना हे नाव आधी नावं ठेवण्यासाठीच चिकटलं. सरळ रेघ मोडायची, खांबाला पीळ द्यायचा, मूर्तीचं वस्त्र वाऱ्यावर उडवायचं, सगळं सोन्यानं मढवायचं. हे फार झालं, असं पुढच्या काळातल्या लोकांना वाटलं.

पण ते ‘फार’ मुद्दाम होतं. सोळाव्या शतकात युरोपात प्रोटेस्टंट मंडळींनी चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रांवर कडक आक्षेप घेतला. कॅथलिक चर्चची ट्रेंट गावात 1545 ते 1563 अशी परिषद चालली. मूर्ती राहतील, चित्रं राहतील, पण त्यांनी लोकांना शिकवलं पाहिजे आणि भक्तीला जाग आणली पाहिजे, असं तिथं ठरलं. म्हणजे ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कथा कळावी आणि अंगावर काटा यावा. आपल्या कीर्तनकाराचं काम इथं लाकूड, सोनं आणि उजेड करतात.

बॉम जेझूसची गंमत ही की बाहेरची भिंत अजून शिस्तीत आहे. मजल्यावर मजला, ओळीत खिडक्या. आत मात्र मोती वाकडा होतो.

आधी बसा

दारातून आत शिरलात की वर गायकांचा सज्जा आणि त्याखाली थोडा अंधार. उजव्या हाताला संत अँथनीची वेदी, डाव्या हाताला संत झेवियर यांचा मोठा लाकडी पुतळा. बहुतेक लोक या दोन्हींना पाठ दाखवून पुढं पळतात. तुम्ही थांबा, पुतळ्याच्या कपड्याच्या चुण्या बघा, आणि मग मधल्या वाटेनं अर्ध्यावर जाऊन बाकावर बसा.

बसाच. हे सगळ्या सल्ल्यांतलं माझं पहिल्या नंबरचं. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्याला अंधार आणि सोनं दोन्ही एकदम झेपत नाहीत. अजिंठ्यात नाही का, पहिली दोन मिनिटं नुसती काळी भिंत दिसते आणि मग हळूहळू त्यातून माणसं बाहेर यायला लागतात. इथंही तसंच. पाच मिनिटांनी भिंतीतला कोनाडा दिसतो, दहा मिनिटांनी कोनाड्यातला चेहरा.

सभामंडप 183 फूट लांब आणि 55 फूट रुंद. मधे एकही खांब नाही. जेझुइटांना प्रवचन महत्त्वाचं, सगळ्यांना बोलणारा दिसायला हवा, ऐकू यायला हवा. म्हणून उजव्या भिंतीतून पुढं आलेला कोरीव लाकडी मंच आहे, वर छत्र असलेला. प्रवचन तिथून व्हायचं. त्याच्या अंगावर येशू, चार शुभवर्तमानकार (येशूचं चरित्र लिहिणारे) आणि चर्चचे चार मोठे आचार्य कोरलेत. खालच्या बाजूला सात आकृत्या आहेत, मंचाचा भार आपल्या अंगावर पेलल्यासारख्या. आपल्या देवळात तुळईखाली भारवाहक यक्ष बसवतात, त्यांचेच हे भाऊबंद. नातीनं या सातांतल्या एकाकडे बोट दाखवून, "याला कंटाळा आलाय," असं जाहीर केलं. दुर्बिणीतून पाहिलं, खरंच आलेला होता.

मंचाच्या समोर, डाव्या भिंतीवर एक स्मारक आहे. डॉम जेरोनिमो मास्करेन्यस हा कोचीनचा कप्तान 1593 मध्ये वारला. चर्च उभं राहिलं ते त्यानं ठेवलेल्या पैशावर. आपल्याकडे पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव घालतात, इथं अख्खी भिंत दिली. असो, पैसाही तसाच मोठा असणार.

मूर्ती ओळखायच्या कशा

आपण मूर्ती कशी ओळखतो? हातात काय आहे ते बघून. शंख-चक्र म्हणजे विष्णू, त्रिशूळ म्हणजे महादेव, मोदक म्हणजे आपले बाप्पा. चेहरा कुणी बघत नाही. ख्रिस्ती मूर्तींचंही तेच आहे, आणि ही किल्ली एकदा हाती आली की जगातल्या कुठल्याही चर्चमध्ये तुम्ही हरवत नाही.

हातात किल्ल्या असतील तर पीटर. तलवार आणि पुस्तक असेल तर पॉल. मोडकं चाक जवळ असलेली बाई म्हणजे संत कॅथरिन, तिला चाकावर मारायचं ठरवलं होतं आणि चाकच मोडलं. अंगात बाण घुसलेला तरुण म्हणजे सेबॅस्टियन. कडेवर बाळ येशू घेतलेला साधू म्हणजे अँथनी. पंख, हातात तलवार आणि पायाखाली सैतान: हा मायकेल. याला पाहून आमच्या हिनं आपोआप हात जोडले, कारण महिषासुरमर्दिनी डोळ्यांपुढे आली. हाताच्या तळव्यांवर जखमांच्या खुणा असतील तर असिसीचे संत फ्रान्सिस. हे वेगळे आणि झेवियर वेगळे, ही गल्लत सगळ्यांची होते. झेवियर बहुधा काळ्या झग्यात, हातात क्रूस. कधी दोन्ही हातांनी छातीवरचा झगा बाजूला सारलेला असतो, आतली धग सोसवत नसल्यासारखा. कुठं पायाशी खेकडा दिसला तर चक्रावू नका. समुद्रात पडलेला त्यांचा क्रूस खेकड्यानं परत आणून दिला, अशी कथा आहे.

चार शुभवर्तमानकारांना चार वाहनं, असं म्हटलं तरी चालेल: मॅथ्यूजवळ देवदूत, मार्कजवळ सिंह, लूकजवळ बैल, जॉनजवळ गरुड. पोरांना ही यादी आधी गाडीतच पाठ करून घ्या आणि आत गेल्यावर शोधायला सोडा. आमची नात अर्धा तास गप्प होती, आणि हा आमच्या घरातला विक्रम आहे.

प्रभावळ

आता उठा आणि मुख्य वेदीकडे जा. मागची जी सोनेरी भिंत आहे तिला मी प्रभावळच म्हणतो. खाली मधे बाळ येशू, ज्याच्या नावानं हे चर्च. तो इतका लहान आहे की पहिल्या खेपेला मला दिसलाच नव्हता. त्याच्या वर जेझुइट पंथाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला, जवळजवळ तीन मीटर उंच. ते तुमच्याकडे बघत नाहीत. त्यांची मान वर आहे. ते जिकडे बघतात तिकडे तुम्हीही बघा: किरणांच्या सूर्यात तीच तीन अक्षरं, दारावरची. आणि त्याच्याही वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. बरोकची ही चाल आहे. मूर्तीची नजर बोट धरून तुमची नजर वर नेते. दोन्ही बाजूंना छोट्या वेद्या, एक आशेच्या मातेची, म्हणजे मेरीची, आणि दुसरी मायकेलची.

हे सोनं भरीव नाही. ‘केवढ्याचं असेल’ हा जळगावकरांचा प्रश्न मला माहीत आहे म्हणून सांगतो. खाली कोरीव लाकूड. अशा कामात लाकडावर आधी खडू-सरसाचे लेप देतात, वर बारीक तांबड्या मातीचा हात, आणि त्यावर सोन्याचा वर्ख. मग अकीकाच्या गुळगुळीत दगडानं ओप देतात. आम्हीही दागिन्याला ओपणी मारतो, त्यामुळे हे वाचूनच हात शिवशिवले. तांबडी माती कशाला? कारण तिच्यावर सोनं ऊबदार दिसतं. वर्ख झिजलेल्या कडा दुर्बिणीतून बघा, आतून तांबूस डोकावत असेल. जुन्या वर्खाच्या कामाची मला ही सगळ्यात आवडती जागा वाटते.

घडवणारे हात कुणाचे? गोव्यातल्या चर्चमधलं कितीतरी काम स्थानिक कारागिरांनी केलं. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती पूजेच्या वस्तू करू नयेत, असे हुकूमही पोर्तुगीजांनी काढले होते. हुकूम काढावा लागला, म्हणजे ते करत होतेच. आणि याच गावात 1560 पासून 1812 पर्यंत इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं न्यायासन होतं, गोव्यात देवळं पाडली गेली, लोक देव घेऊन नदीपलीकडे पळाले. मंगेशी आणि शांतादुर्गा आज जिथं आहेत तिथं त्या अशाच हलवल्या गेल्या. सकाळी ती देवळं आणि दुपारी हे चर्च पाहणाऱ्या माणसानं हे माहीत करून घ्यावं. मला ते माहीत होतं, आणि तरी वेदीसमोर माझी मान वरच राहिली. दोन्ही एकाच दिवशी झालं.

आणि आता चांदी

वेदीच्या उजव्या हाताला झेवियर यांचं चॅपेल, म्हणजे चर्चमधलंच छोटं प्रार्थनाघर. पीळदार सोनेरी खांब, लाकडी पानं-फुलं, त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांची चित्रं. आधी कथा डोक्यात असू द्या, म्हणजे चित्रं वाचता येतील. जन्म स्पेनमधल्या नवारात, 7 एप्रिल 1506. इग्नेशियसच्या पहिल्या साथीदारांपैकी एक. 1542 मध्ये गोव्यात आले, तिथून मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान. चीनला निघाले आणि किनाऱ्याजवळच्या सान्सियन बेटावर 3 डिसेंबर 1552 ला वारले. देह चुन्यात पुरला, नंतर मलाक्काला नेला, तो तिथंही टिकून असलेला पाहून मार्च 1554 मध्ये गोव्याला आणला. उजव्या हाताचा पुढचा भाग 1614 मध्ये रोमला पाठवला. संतपद मिळालं 1622 मध्ये.

खालून वर बघत जा. सर्वांत खाली जांभळट-लाल रंगाचा जास्पर दगड आणि पांढरा संगमरवर. हे थडगं टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं, तिसऱ्या कोसिमो मेदिचीनं दिलं. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याचं काम, सुमारे दहा वर्षं चाललं. तुकडे जहाजानं आले आणि 1698 मध्ये इथं जोडले गेले. बदल्यात ड्यूकला काय मिळालं? संतांच्या डोक्याखालची उशी. असा सौदा माझ्या दुकानात कधी झाला नाही.

मधल्या थरात चार बाजूंना ब्राँझचे चार पट आहेत: प्रवचन, बाप्तिस्मा, हल्ल्यातून सुटका, आणि बेटावरचा मृत्यू. लोक पेटी शोधण्याच्या नादात यांच्यावरून नजर घसरवून नेतात. पुढच्या आकृत्या पटातून जवळजवळ सुटून बाहेर आल्यात, मागचे लोक नुसत्या ओरखड्यांत. एवढ्याशा जाडीत एवढी खोली काढणं किती अवघड, ते ज्यानं छिन्नी धरलीय त्याला विचारा.

आणि त्यावर पेटी. दुर्बीण आता काढा. चांदीच्या 32 पट्टिका आहेत, प्रत्येकीवर संतांच्या आयुष्यातला एक प्रसंग. घाट इटालियन, हात गोव्याचा. पत्रा राळेवर बसवायचा, मागून ठोकून फुगवायचा, उलटवून पुढून रेघा मारायच्या, पुन्हा मागून. आमच्या खंडोबाच्या टाकात हेच असतं, फक्त तिथं घोडा आणि दोन आकृत्या, इथं होड्या, झाडं, राजे, पाण्यात बुडणारी माणसं. जोर जास्त झाला की पत्रा फाटतो. आयुष्यात मी किती पत्रे फाडलेत ते मला माहीत. 32 पट्टिकांत एकही चेहरा चेपलेला दिसत नाही, निदान मला दिसला नाही, आणि मी चूक काढायच्याच नजरेनं बघत होतो.

एका जागेवरून पेटी पुरती दिसत नाही. समोरून पाहून झालं की शेजारच्या, वस्त्रागाराकडे जाणाऱ्या वाटेनं जा. तिथून दुसरा कोन मिळतो. रांग असेल तर बाजूला व्हा, रांग जाऊ द्या, परत या. कुणी हाकलत नाही. फोटोबद्दलच्या पाट्या वाचा. वेदीला पाठ करून पोज देऊन फोटो काढू नका, एवढं तरी पाळाच. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून ऐका. कोकणी आहे, निम्मं कळतं. ‘आमच्या बापा’ ऐकलं की नातीनं लगेच माझ्याकडे पाहिलं.

बाहेर फेरीवाल्यांकडे मेणाचे हात, पाय, डोळे मिळतात. ज्या अवयवाचं दुखणं, तो वाहायचा. सप्तशृंगीला वाहायला म्हणून चांदीचे डोळे आणि पाळणे मी दुकानात वर्षानुवर्षं विकलेत, त्यामुळे मला समजावून सांगावं लागलं नाही. हिनं गुडघ्यासाठी मेणाचा पाय घेतला. भाव केला, हेही सांगतो.

रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल आहे, 1562 मध्ये सुरू झालेलं. दोनपैकी एक मनोरा 1776 मध्ये कोसळला, एकच उरलाय. वेदीवर संत कॅथरिनची कथा आहे, चाक शोधा. त्याला लागून असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च, जमिनीत थडग्यांच्या कोरीव शिळा, आणि शेजारी पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. ते शुक्रवारी बंद असतं. तिन्ही एका दमात करू नका. एक नीट बघा, मग डोक्याला ऊन लागू द्या, मग दुसरं.

ऑगस्टातल्या त्या दिवशी आम्ही से पाहून संध्याकाळी पुन्हा बॉम जेझूसमध्ये आलो. मला पट्टिका मोजायच्या होत्या. दुर्बीण डोळ्याला लावून बोटावर मोजत होतो. एकोणीसपर्यंत आलो आणि रखवालदार किल्ल्या वाजवत दारं लावायला निघाला. ही बाहेरून ओरडली, "चाला आते, बस निंघी जाई!" मी म्हटलं, तेराच राहिल्यात. ती म्हणाली, मग त्या पुढच्या वर्षी. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि लाल भिंत पार काळी पडली होती.